शुक्रवारच्या बायकांची काळजं

सख्ख्या सासूला गोळी घ्यायला लावायची आणि ती खरी की खोटी ते सांगायचं नाही, ही कुठली रीत म्हणायची?

हे मी विचारलं तेव्हा माझी सून ऋजुता ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. पुण्याचा फ्लॅट, त्यातला तो दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारा ओटा. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "आई, पाण्याबरोबर घ्या. चावू नका."

मी म्हटलं, चावायची की गिळायची ते माझं मी बघीन, तू आधी आत काय आहे ते सांग.

"ते मला माहीत नाही."

आता घ्या. गोळी हिच्याच डोक्यातून निघालेली. त्या गोळीसाठी हिनं वर्षानुवर्षं उंदरांची काळजं तपासली, सणासुदीला घरी आली नाही, लग्नानंतर माझ्याकडं म्हणून चार दिवस सलग राहिली नाही. आणि गोळीत काय आहे ते हिला माहीत नाही. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खानावळ चालवणारी बाई. तालमीतल्या पैलवानांपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत सगळे माझ्या हातचं जेवून गेले. एखाद्यानं वाटी उचलून विचारावं, मावशी, हे मटण आहे का वांगं, आणि मी म्हणावं मला माहीत नाही. तो ती वाटी माझ्याच डोक्यावर पालथी घालील आणि मी त्याला काही बोलू शकणार नाही.

माझं नाव बायजाबाई खराडे. शाळा तिसरीत सोडली. म्हणजे शाळेनं मला सोडलं नाही, मीच तिला सोडलं, कारण तिथल्या बाई जेवढं शिकवायच्या त्यापेक्षा जास्त मला येत होतं असं माझं तेव्हाही मत होतं. माझा मुलगा संग्राम मात्र शिकला, आणि शिकता शिकता त्यानं ही ऋजुता आणली. नाव घेताना जिभेला पीळ पडतो म्हणून मी तिला ऋजू म्हणते. डॉक्टर आहे असं ऐकून मी गल्लीत पेढे वाटले. मग कळलं की ही नाडी धरत नाही, सुई टोचत नाही, जीभ काढा म्हणत नाही. माणसाच्या आतला फोटो काढते आणि त्या फोटोकडं बघत बसते. राहिलेल्या वेळात उंदीर. शेजारच्या बायका पाठदुखी घेऊन आल्या की मला सांगावं लागायचं, बायांनो, आमची सून उंदरांची डॉक्टर आहे, तुम्ही दुसरीकडं जावा.

शिवाय अबोल. मी एका बाजूनं बोलत असायचे आणि ही दुसऱ्या बाजूला नुसती असायची. खानावळीतलं पाण्याचं पिंपसुद्धा कधीतरी आवाज करतं.

मग माझ्याच छातीत गाठ निघाली. पुण्याला संग्रामकडं आले, ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण तिची पिलावळ आत कुठं राहिली असेल तर ती मारायला लाल औषध घ्यायचं ठरलं. डाळिंबाच्या रसासारखं लालभडक, सलाईनच्या नळीतून जाणारं. ते औषध चांगलं, पण तापट. गाठीला मारता मारता एखादीच्या काळजालाही चटका देतं. म्हणून मधे मधे काळजाचा फोटो काढायचा. फोटोत काळीज चटकलेलं दिसलं तर लाल औषध बंद. आणि औषध बंद म्हणजे गाठीच्या पिलावळीला मोकळं रान. एवढं मला ऑपरेशनच्या आधीच कळलं होतं, आणि रात्री झोप लागत नव्हती ती त्याचमुळं.

ऋजूची गोळी होती ती काळजाला चटका बसू नये म्हणून. पण ती खरंच उपयोगाची आहे का ते अजून ठरायचं होतं. त्यासाठी निम्म्या बायकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच लागणारी, पण आत काहीच नसलेली. कुणाला कुठली ते बाईला सांगायचं नाही, डॉक्टरलाही सांगायचं नाही, सगळं परगावच्या कुठल्या कम्प्युटरात बंद. आता सुनेची गोळी आणि ती सासूलाच नाही, हे मला पटेना. मीच हट्ट धरला की मला घ्या. मोठ्या डॉक्टरांची बैठक बसली. शेवटी घेतलं, पण एका अटीवर. माझ्या आणि माझ्याबरोबरच्या बायकांच्या फोटोंकडं ऋजूनं बघायचं नाही, माझ्या बाबतीत काही ठरवायचं नाही, ते सगळं तिचे साहेब डॉक्टर केळुसकर बघतील.

मी तिला गॅलरीत गाठून विचारलं, बाई गं, तुलाही न सांगण्यात काय शहाणपण? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मला कळलं, तर मी तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघेन."

मी म्हटलं, "तू माझ्याकडं कुठल्याच नजरेनं बघत नाहीस."

त्यावर ती कपडे वाळत घालू लागली.

मग मी माझ्या पद्धतीनं शोध सुरू केला. दवाखान्यात आमचा शुक्रवार ठरलेला, आणि शुक्रवारच्या बायकांचा एक बाक ठरलेला. त्यात माझ्या शेजारी मिरजेच्या हमिदाबी. जाड चष्मा, हसायला लागल्या की आख्खा बाक हलायचा. पलीकडं दातारबाई, आयुष्यभर मुलींना गाणं शिकवलेल्या, बोलतानाही सुरात बोलायच्या. आणखी दोघी-तिघी होत्या, त्या आमचं ऐकायच्या. मी गोळी नखानं कुरतडून चाटली. कडू. हमिदाबींची चाटून बघितली. तीही कडू. पाण्यात टाकली तर दोन्ही बुडाल्या. हमिदाबी म्हणाल्या, गोळी सुरू झाल्यापासून त्यांचे मरहूम यजमान स्वप्नात येतात आणि कधी नव्हे ते गोड बोलतात, म्हणजे त्यांची गोळी शंभर टक्के खरी. मी म्हटलं, हे काळजाचं औषध आहे, नवऱ्याचं नाही. दातारबाईंनी आम्हा दोघींना दटावलं की ज्यांनी लपवलं त्यांनी विचार करून लपवलं असेल. पण बाकावर कुणी नाही असं बघून त्यांनीही आपली गोळी नाकाशी धरून हुंगलेली मी बघितली होती.

अशात फोटोचा शुक्रवार आला.

त्या फोटोचं गणित मला ऋजूनंच समजावलं, आणि खरं सांगते, ते मला आवडलं, कारण ते सगळं जेवणाचं होतं. काळीज दोन चुलींवर चालतं. एक साखरेची, एक चरबीची. फोटोच्या आधी माणसाला सुईतून थोडी साखर टोचतात, आणि ती साखर शरीरात जिथं जाऊन बसते तिथं फोटोत दिवा लागल्यासारखं दिसतं. आता आदल्या दिवशी भाकरी, भात, साखर, दूध सगळं बंद ठेवलं आणि नुसती चरबी खाल्ली, तर काळीज चरबीच्या चुलीवर जातं आणि साखरेला हात लावत नाही. फोटोत ते काळं दिसतं. फक्त जिथं चटका बसलाय तो भाग कळ सोसत नाही म्हणून साखर ओढतो आणि उजळतो. म्हणजे काळं काळीज चांगलं, उजळ काळीज वाईट. मी जन्मभर लोकांना उलटं ऐकवत आले होते.

दवाखान्यानं आदल्या दिवसाचं जेवण ठरवून दिलं होतं. मटण, अंडी, तूप. मग रात्रीपासून दुसऱ्या दिवशी फोटो होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मी म्हटलं, सगळ्या बायकांचं मीच करते. ऋजूच्या त्या टीचभर ओट्यावर मी मटण त्याच्याच चरबीत परतलं, कांदासुद्धा नावाला, रस्सा नाही. दातारबाईंसाठी तुपात पनीर. ज्या ताटात भाकरी नाही त्याला आमच्याकडं जेवण म्हणत नाहीत, पण शुक्रवारच्या बायकांनी डबे चाटूनपुसून परत पाठवले. ऋजू दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, चालेल ना? तिनं मान हलवली. तेवढंच.

सकाळी आम्ही सगळ्या बाकावर. बोटातून रक्त काढून साखर तपासली, सगळ्यांची छान निघाली. सिस्टर म्हणाली, एकेकीला बोलावते, थोडा वेळ बसा. एवढ्यात माझा भाऊ बापू आला. बापू म्हणजे जुना पैलवान. कान मोडलेले, दारातून आडवा होऊन येणारा. रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरहून आलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू. दारावरच्या वॉचमननं अडवलं तर त्यानं त्याच्याही हातावर एक ठेवला आणि सरळ आत.

म्हणाला, "आक्का, आईला सांगून आलोय. काय होत न्हाय तुला."

मग बाकावरच्या एकेकीसमोर वाकून त्यानं प्रसाद दिला. हमिदाबींनी ओढणीचा पदर पसरून घेतला, म्हणाल्या मिरजेहून आम्ही देवीला नेहमी जातो. दातारबाईंनी अर्धा पुरे म्हटलं, पण बापूसमोर अर्ध्याची भाषा चालत नाही. त्याला वाटलं बाई लाजतात, म्हणून त्यानं त्यांच्या हातावर दोन ठेवले. सगळ्यांनी डोळे मिटून, कपाळाला हात लावून प्रसाद घेतला. बापूनं पिशवी झटकली आणि बाहेर जाऊन बसला.

सिस्टर आली. विचारलं, रात्रीपासून कुणी काही खाल्लं नाही ना? आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, नाही. आणि ते खरं होतं. मी आजही कुठल्याही देवळात जाऊन सांगीन की ते खरं होतं.

मग सुई, मग गोधडीखाली गप पडून राहायचं, बोलायचं नाही. माझ्यासारखीला ते ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. मग ती बांगडीसारखी मोठी मशीन, त्यात सरकणारा पलंग. सगळ्यांचं आटोपलं तेव्हा दुपार टळत आली होती. आम्ही बाकावर बसून घरी जाऊन आधी भाकरी खायची का भात यावर बोलत होतो. हमिदाबी म्हणत होत्या, दोन्ही.

डॉक्टर केळुसकर बाहेर आले. गोरे, उंच, नेहमी इस्त्री केलेले. त्या दिवशी चेहऱ्याची इस्त्री मोडलेली होती. त्यांनी आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले की फोटो त्यांना हवे तसे आलेले नाहीत. सगळ्यांची काळजं उजळलेली आहेत. नुसती कुठंतरी नाही, पूर्ण. म्हणून आजपासून लाल औषध सगळ्यांचंच थांबवायचं.

बाकावरचं हसणं-बोलणं जागच्या जागी बंद झालं. दातारबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडंच बघत राहिल्या. हमिदाबींनी विचारलं, "मग गाठीचं काय?"

केळुसकर म्हणाले, बघू.

मी पैलवानांना जेवू घातलंय. ‘बघू’ म्हणणारा गडी कधी कुस्ती मारत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पदर नीट केला.

केळुसकर आत गेले. दार लोटलेलं होतं, लागलेलं नव्हतं. आत ऋजू होती. तिनं फोटो बघितले नव्हते, ते बघायची तिला मुभाच नव्हती, पण साहेबांनी तिला सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं. म्हणाले, तुझी गोळीच काळजाला लागत असणार. आता कम्प्युटर उघडायला सांगायचं, कुणाला कुठली गोळी होती ते जाहीर करायचं आणि हे काम इथंच बंद करायचं. एवढ्या वर्षांचं काम. त्यांचा आवाज वाईट नव्हता. वाईट वाटत असलेल्या माणसाचा होता.

आणि मग मी माझ्या सुनेचा आवाज ऐकला. म्हणजे असा, मोठा. लग्नानंतर पहिल्यांदा.

"सर, निम्म्या जणींच्या गोळीत काहीच नाहीये. मग त्यांची काळजं का पेटली?"

केळुसकर म्हणाले, लाल औषधानं.

"तेच औषध मागच्या तुकडीतल्या बायकांनाही होतं. त्यांचे फोटो चांगले आले. आजच्याच सगळ्या? एकदम? एकसारख्या?"

ते काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, मला थोडा वेळ द्या, कम्प्युटर उघडला की पुन्हा बंद करता येत नाही. आणि ती बाहेर आली.

केस सुटलेले, चष्मा कपाळावर. बाकासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, काल रात्रीपासून काही खाल्लंत का? हमिदाबी म्हणाल्या, नाही बेटा. दातारबाई म्हणाल्या, नाही. बाकीच्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, पोटात आग पडलीय, आणि वर तू विचारतेस.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं काय करावं? सरळ फरशीवर माझ्यासमोर उकिडवी बसली, पाटावर बसावं तशी. आणि विचारलं, "आई, बापूमामा आले होते का?"

"आले होते. बाहेर बसलाय."

"कोल्हापूरहून आले?"

"मग कुठून येणार?"

"देवीचा प्रसाद आणला असेल."

"आणला की. बापू मोकळ्या हातानं कधी येतो का?"

"मग तुम्ही सगळ्यांनी घेतला असेल."

"देवीचा प्रसाद नाही म्हणून सांगायचा असतो का? सगळ्यांनी घेतला. दातारबाईंनी तर दोन."

दातारबाई म्हणाल्या, आग्रह झाला हो.

ऋजूनं डोळे मिटले. मग उघडले आणि अगदी हळू विचारलं, "केवढा होता?"

मी हातानं दाखवला. चांगला मोठ्या लिंबाएवढा.

"आणि सिस्टरनं विचारलं तेव्हा तुम्ही खाल्लं नाही म्हणालात."

"खाल्लं नव्हतंच. प्रसादानं उपास मोडत नाही, ऋजू. एवढं शिकलीस, एवढं तुला कुणी सांगितलं नाही?"

दारात केळुसकर येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, लाडू? मी म्हटलं, प्रसाद. त्यांनी पुन्हा विचारलं, साखरेचा? मी म्हटलं, मिठाचा लाडू तुमच्याकडं करतात का? हमिदाबींनी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं, डॉक्टरसाहेब, आमच्या दर्ग्यातला तबर्रुकसुद्धा खाण्यात धरत नाहीत. दातारबाई म्हणाल्या, त्या तर तीर्थही घेतलेलं कधी पाण्यात मोजत नाहीत. बाकावरच्या राहिलेल्या दोघींनीही माना डोलावल्या. सगळा बाक एका बाजूला आणि केळुसकर एकटे दुसऱ्या बाजूला. बिचारा माणूस आमच्याकडं असा बघायला लागला की जणू त्याच्या मशीननंच उठून त्याला नमस्कार केलाय.

मग मला कळलं काय झालंय ते. काळजं चरबीच्या चुलीवर गप बसली होती, आणि बापूनं त्यांच्यासमोर लाडू नेऊन ठेवला. कुठलं काळीज नाही म्हणेल? ती सगळी पेटून साखरेच्या चुलीवर गेली. चटका कुणाला बसलाय का नाही ते अजून कुणालाच कळलेलं नव्हतं. कम्प्युटर बंदच राहिला.

केळुसकर म्हणाले, लाडू हे कारण असू शकतं, पण खात्री पुन्हा फोटो काढल्यावरच. तोवर लाल औषध थांबलेलंच. म्हणजे भीती गेली नव्हती, तिला नुसतं बसायला पाट मिळाला होता. पण त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर मला हसू यायला लागलं ते थांबेना. बापू पुढं ड्रायव्हरशेजारी कसाबसा मावून बसला होता. त्याला सांगितलं की तुझ्या लाडवानं अख्खा दवाखाना बंद पडत होता, तर तो घाबरून म्हणाला, आक्का, लाडू ताजे होते गं.

पुढच्या शुक्रवारी बंदोबस्त माझ्याकडं. मी सिस्टरला सांगितलं, तू कुणाला काही विचारू नकोस, तुला विचारता येत नाही. मी पहिल्या बाकावर दाराकडं तोंड करून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकीची झडती घेतली. लवंग? काढ. बडीशेप? काढ. खोकल्याची गोळी? ती कशाला, थोडं खोक. दातारबाईंच्या पर्समध्ये खडीसाखरेची डबी निघाली. घशासाठी ठेवते म्हणाल्या, सवयीनं. मी ती डबी चोळीत खोवली. हमिदाबींची मुलगी आईला भेटायला आली आणि गळ्यात पडली, तर मी तिचे हात तपासले.

आणि बापू पुन्हा आला. या खेपेला जोतिबाचा प्रसाद. मी त्याला फाटकाच्या बाहेरच थांबवला. तो म्हणाला, आक्का, परत नेता येत नाय गं प्रसाद. मी म्हटलं, नेऊ नकोस, वाट. मग त्या धिप्पाड माणसानं रिक्षा स्टॅंडवरच्या एकेका रिक्षावाल्याला गाठून प्रसाद खायला घातला. एक जण नको म्हणून रिक्षा सुरू करून निघाला तर बापू त्याच्यामागं पळाला. आम्ही सगळ्या खिडकीतून बघत होतो आणि सिस्टर आमच्यावर ओरडत होती की हसू नका, अंग हलवू नका, फोटो बिघडतील.

मग सुई, गोधडी, मशीन. आणि मग बाक. ते बसणं मला आठवतं. कुणी भाकरीचं नाव काढलं नाही. हमिदाबींच्या हातात जपाची तसबी फिरत होती, आणि मी माझा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला होता, का ते मला माहीत नाही. ऋजू समोर भिंतीला टेकून उभी. फोटो बघायला आत जायची तिला बंदी, आणि घरी जायला तिला सांगितलं असतं तर ती गेली नसती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मी पहिल्यांदाच नजर खाली घातली.

केळुसकर बाहेर आले. इस्त्री पुन्हा जागेवर होती. म्हणाले, "काळी आहेत. सगळ्यांची काळी."

हमिदाबींनी मला अशी मिठी मारली की ऑपरेशनची जागा ओरडली, आणि मीही ओरडले, आणि दोघी हसत सुटलो. माझं काळीज काळंकुट्ट आहे म्हणून मी भर दवाखान्यात सांगत सुटले. एक पेशंट बाई माझ्याकडं बघून लांब सरकली. दातारबाई उठून उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला आणि त्यांनी एक तान घेतली. नुसती तान, शब्द काही नाही, पण ती अशी वर गेली की दोन मजले खालून वॉचमन धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. केळुसकरांनी त्याला परत पाठवलं आणि स्वतः टाळी वाजवली. सोमवारपासून लाल औषध पुन्हा सुरू, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी जाऊन जेवा, असंही म्हणाले.

आता हेही सांगून टाकते. पुढं ऋजूचं काम पूर्ण झालं, कम्प्युटर उघडला. ज्यांना खरी गोळी होती त्यांतल्या बऱ्याच जणींची काळजं नीट राहिली होती, सगळ्यांची नाही. गोळीला अजून पुढं पुष्कळ तपासण्यांतून जायचं होतं. हमिदाबींची खरी निघाली, यजमानांसकट. माझी खोटी निघाली. आत काही नव्हतं म्हणे. मी ते मानलेलं नाही. इतकी कडू गोळी आणि आत काही नाही, असं होत नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी बायका पांगल्या आणि मी आणि ऋजू दोघीच बाकावर राहिलो. संग्राम गाडी आणायला गेला होता. मी तिला विचारलं, सगळ्या बायका नाही म्हणत असताना तुझ्या डोक्यात प्रसाद कुठून आला?

तिनं चष्मा नीट केला. मग म्हणाली, "लग्नानंतरची पहिली संकष्टी. तुम्ही दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला सांगितलंत, चंद्र उगवेपर्यंत तोंडात काही जाणार नाही. आणि दुपारी शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा आला. तुम्ही उभ्या उभ्या खाल्लात. मग पुन्हा म्हणालात, सकाळपासून काही नाही."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"आणि बोलली नाहीस."

"मला आधी वाटलं तुम्ही चेष्टा करताय. मग पुढच्या खेपेला आले तेव्हा पुन्हा बघितलं. मग कळलं की ते तुमच्या हिशेबात खाणं नाहीच." आता ती थांबेना. "मीठ बघायला वाटीभर रस्सा घेता, तेही नाही. भाकरी फुगली का बघायला पहिली मोडून खाता, तेही नाही. बशीत ओतून घेतलेला चहा नाही. कपात घेतला तर मात्र तो चहा."

माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं मी समजत होते की ही माझ्या घरात भिंतीसारखी उभी असते. आणि ही उभी राहून माझा घास न् घास टिपत होती. उंदरांपेक्षा बारीक. मी काही बोलणार तेवढ्यात बघितलं तर तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती. तोंडावर हात धरून, चष्मा काढून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. हमिदाबी बसल्या असत्या तरी नसता हलला इतका बाक हलत होता.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. मी उठले. पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग तिचे. आणि तिला हाताला धरून उभं केलं.

"ऋजू," मी म्हटलं, "तू सासूवर पाळत ठेवणारी सून आहेस. त्यात गैर काही नाही. पण इतकी वर्षं दाराआडून ठेवलीस, ते चुकलं. आजपासून माझ्या ताटाला ताट लावून बसायचं आणि समोरून बघायचं. आणि मधे मधे बोलायचं."